एका विद्यार्थिनीचा वर्ग

विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात तळमजल्यावर पाच खिडक्या होत्या. चौथी चौकशीची. तिच्यामागे बसणाऱ्या बाईंचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. बाकी सगळेजण त्यांना चौकशीबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्याही ओ द्यायच्या.

विद्यापीठात चौसष्ट पदव्युत्तर अभ्यासक्रम होते आणि ते सगळे बाईंना तोंडपाठ होते. कुठल्याला किती जागा, कुठल्याला प्रवेश परीक्षा, कुठल्याची पात्रता काय, सगळं. दरवर्षी माहितीपुस्तिका छापायला जायच्या आधी तिची मुद्रितं बाईच तपासायच्या.

"मॅडम, माझं रसायनशास्त्र झालंय, पण मला मानसशास्त्र करायचंय. चालेल?"

"चालतं. पात्रता परीक्षा द्यावी लागेल. पान एकोणीस."

"आणि त्याने पुढे माझं चांगलं होईल का?"

"ते पुस्तिकेत नाही गं बाळा."

दुसऱ्यांना वाटा दाखवता दाखवता अठ्ठावीस वर्षं गेली होती. खुद्द बाई भूगोलाच्या पदवीधर. निकाल लागला त्याच महिन्यात वडील अंथरुणाला खिळले, धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचं होतं, म्हणून बाईंनी ही नोकरी धरली. एम.ए. पुढच्या वर्षी करू म्हणाल्या. वडील गेले, भाऊ शिकला, दूर नोकरीला लागला, तिकडेच संसार थाटला. मग आईने अंथरूण धरलं, ते अकरा वर्षं. लग्नाचा विषय कधी मागे पडला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही; बाईंच्याही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. घर विद्यापीठापासून दहा मिनिटांवर होतं. आईला कुशीवर वळवायला आणि चार घास भरवायला बाई रोज दुपारी एकला घरी जायच्या. आई गेल्यावरही एक वाजला की पाय आपोआप उठायचे. अर्ध्या वाटेवर आठवण व्हायची. मग तिथेच, टपाल कचेरीच्या भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसून त्या डबा खायच्या आणि परत फिरायच्या. विभागात जेवणाची मोठी खोली होती, पण तिथे प्रत्येकीची जागा ठरलेली. अकरा वर्षं न गेलेल्या बाईंसाठी कोण कशाला खुर्ची राखून ठेवणार?

त्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एक म्हातारे प्राध्यापक रोज दुपारी खिडकीशी यायला लागले. नकाशाशास्त्राच्या एम.ए.चे ते एकुलते एक शिक्षक, म्हणून सगळे त्यांना नकाशेसर म्हणत.

"काही?" एवढंच विचारायचे.

"नाही सर," बाई सांगायच्या.

मागच्या वर्षी त्यांच्या अभ्यासक्रमाला एकही अर्ज आला नव्हता. सलग दोन वर्षं कुणी आलं नाही तर अभ्यासक्रम बंद, हा नियम. मात्र एक जरी विद्यार्थी आला तरी पुरी दोन वर्षं चालवणं भाग. नियम बाईंना ठाऊक होता. पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सर साडेचारला आले. या खेपेस त्यांनी विचारलंसुद्धा नाही. नुसते उभे राहिले.

"सर," बाई म्हणाल्या, "वयाची अट नाही ना या अभ्यासक्रमाला?"

"नाही. का?"

"आणि नोकरी करणारा असेल तर वर्ग सकाळी लवकर घेता येतील?"

"पहाटे पाचलासुद्धा घेईन. कोण आहे?"

बाईंनी खणातून अर्ज काढला. तो त्यांनी तीन दिवसांपूर्वीच भरून ठेवला होता. धीर होत नव्हता. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेऊन वाचला आणि बाईंकडे पाहिलं.

"बाई, दया म्हणून करत असाल तर नको."

"दया कसली सर? मला करायचंच होतं. जरा उशीर झाला."

"किती?"

"अठ्ठावीस वर्षं."

सर हसले. बाईंनी स्वतःच्याच अर्जावर आवक शिक्का मारला.

भावाला फोनवर सांगितलं तर तो खो खो हसला. "अगं ताई, एक्कावन्नाव्या वर्षी? हे म्हणजे वरातीमागून घोडं!" मग आवाज उतरवून म्हणाला, "बरं, कर. तेवढाच तुला विरंगुळा." विरंगुळा हा शब्द बाईंना लागला.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरायचा, सकाळी सात ते नऊ. खोलीत नकाशे काढायची बारा तिरकी टेबलं होती. बाई पहिल्या रांगेत खिडकीशी बसायच्या. सर दारातून येऊन हजेरी घ्यायचे.

"एक नंबर?"

"हजर, सर."

वही मिटायची. शिकवताना मात्र सर साऱ्या खोलीकडे बघून शिकवायचे, जणू बाराही टेबलं भरली आहेत. तास संपला की विचारायचे, "कुणाला काही शंका?" आणि मागच्या रांगेपर्यंत नजर फिरवायचे. सुरुवातीला बाईंना हसू यायचं. पुढे पुढे त्यांनाही वळून मागे बघायची सवय लागली.

एकाच उंचीवरच्या जागा जोडत गेलं की समोच्चरेषा होते, हे त्या बावीस वर्षांच्या असताना शिकल्या होत्या. आता हाताने काढायला लागल्यावर कळलं की त्या रेषा एकमेकींना कधी छेदत नाहीत. कितीही जवळ आल्या तरी आपापल्या वाटेने जातात. "चूक झाली की आधी तिथेच दिसते," सर म्हणायचे. बाईंची चूक फारशी व्हायची नाही. अठ्ठावीस वर्षं मुद्रितं तपासलेला डोळा होता तो. पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा त्या वर्गात पहिल्या आल्या.

"आणि शेवटच्याही," त्या म्हणाल्या.

"पहिल्याच म्हणा," सर म्हणाले. "शेवटचं मी बघतो."

दुसऱ्या वर्षाला प्रकल्प. विद्यापीठामागच्या टेकडीवरून एक ओढा निघायचा आणि वळणं घेत मोठ्या रस्त्याखालच्या मोरीत शिरायचा. त्याच्या दोन्ही काठांची उंची मोजून नकाशा करायचा ठरला. हे काम दोघांचं. एकाने तिकाटण्यावर बसवलेल्या दुर्बिणीतून बघायचं, दुसऱ्याने दूर आकडे लिहिलेली उंच पट्टी सरळ धरून उभं राहायचं. दुर्बिणीतून दिसेल तो आकडा वहीत टिपायचा, मग पट्टी पुढच्या जागी. अशा दोनशे दहा जागा.

पट्टी सर धरायचे. चौसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, डोक्याला रुमाल बांधून ते दगडादगडांवरून हिंडायचे. दुर्बिणीत ते उलटे दिसायचे, जुनी दुर्बीण होती. आकाशाला लटकलेले सर बघून बाई एकट्याच हसायच्या.

ऐंशीव्या जागेवर शेवाळावरून सरांचा पाय सटकला. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण काठीशिवाय चालणं संपलं. एका मुलीशिवाय सरांना कुणी नव्हतं. मुलगी आली आणि आपल्या गावी घेऊन गेली. निघताना गाडीत बसलेल्या सरांनी बाईंचा हात धरला. "एकशे तीस राहिल्या हो," म्हणाले. गाडी सुरू झाली.

कुलसचिवांनी बाईंना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा.

"बाई, कशाला जिवाला त्रास? जुना नकाशा घ्या, नीट उतरवून काढा आणि द्या. कोण बघतंय?"

"जुना पस्तीस वर्षांपूर्वीचा आहे साहेब. तेव्हाचा ओढा आता राहिलेला नाही."

"मग कुणाला तरी घ्या बरोबर पट्टी धरायला."

बाईंनी विचारून पाहिलं. शेजारच्या खिडकीतल्या बाईंकडे रविवारी पाहुणे होते. दुसरीच्या सुनेचे दिवस भरत आले होते. भाऊ म्हणाला, "पुढच्या सुट्टीत बघू." कुणी तोंडावर नाही म्हटलं नाही, आणि कुणी आलंही नाही. शेवटी आपला हात जगन्नाथ म्हणत बाई एकट्याच निघाल्या.

एकटीने करायची रीत त्यांनीच बसवली. दुर्बीण रोवायची, पट्टी घेऊन ओढ्यात उतरायचं, बुडाशी दगड रचून ती उभी करायची, ओळंब्याने सरळ आहे का बघायचं, मग चढून दुर्बिणीपाशी यायचं आणि आकडा टिपायचा. परत खाली. वारा आला की पट्टी आडवी व्हायची आणि सगळं पहिल्यापासून. दोघांना जिथे पाच मिनिटं लागायची तिथे अर्धा तास. एका रविवारी दहा जागा झाल्या, एका रविवारी फक्त दोन. त्या दिवशी पट्टी चौथ्यांदा पडली तेव्हा बाई काठावर बसल्या आणि आई गेली तेव्हा रडल्या नव्हत्या तेवढ्या रडल्या. मग तोंड धुतलं आणि खाली उतरल्या.

घरी जाताना त्या दुकानात थांबल्या. काड्यापेटी मागायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. तेव्हा ध्यानात आलं, शुक्रवारी खिडकी बंद केल्यापासून आपण कुणाशी अवाक्षर बोललेलो नाही.

पाच महिने लागले. परीक्षकबाई बाहेरच्या विद्यापीठातून आल्या होत्या. तोंडी परीक्षेत त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि बराच वेळ बोटाने ओढ्याची वाट धरून गेल्या.

"शेवटच्या एकशे तीस जागांना पट्टी कुणी धरली होती?"

"मी."

"आणि दुर्बिणीतून कोण बघत होतं?"

"मीच."

परीक्षकबाईंनी चष्मा काढला. स्वतः उठून बाईंसमोर पाण्याचा पेला ठेवला.

पदवीदान समारंभात नकाशाशास्त्राचा पुकारा झाला तेव्हा एकच नाव होतं. टाळ्या वाजल्या, रीतीपुरत्या. भावाचा अभिनंदनाचा निरोप फोनवर आला, सोबत फुलांचं चित्र. दुसऱ्या दिवशी बाई खिडकीत हजर. पंधरा दिवसांनी नव्या पुस्तिकेची मुद्रितं तपासायला आली. एकोणचाळीस क्रमांकावर चुकून नकाशाशास्त्र राहून गेलं होतं. नवा अर्ज नाही, शिकवायला सर नाहीत, म्हणून बंद झालेला अभ्यासक्रम. बाईंनी लाल पेनाने त्यावर रेघ मारली आणि पुढचे सगळे क्रमांक एकेकाने कमी केले. एकदा चुकलं म्हणून पुन्हा केले.

नकाशाची प्रत त्यांनी सरांना पाठवली होती. एका रविवारी सकाळी सरांच्या मुलीचा फोन आला. "बाबांना आता बारीक काही दिसत नाही हो. भिंग देऊन बघितलं. सारखा कागद हातात घेऊन बसतात. तुम्ही बोलता का जरा?"

सर फोनवर आले. आवाज पातळ झाला होता.

"बाई, वाचून दाखवा."

"नकाशा वाचून दाखवू, सर?"

"मग काय! टेकडीपासून सुरू करा. घाई करू नका."

बाईंनी मूळ नकाशा जमिनीवर अंथरला आणि गुडघ्यांवर बसून वाचायला लागल्या. ओढा कुठून निघतो, कुठे डावीकडे वळतो, कुठे काठ उभा होतो, कुठे रेषा दूर दूर होत जातात. मधेच सर थांबवायचे. "तिथे एक करंजाचं झाड होतं ना?" "आहे सर, ओढ्याकडे कललंय." तासाभराने ते दमले. "इथपर्यंत पुरे. उरलेला पुढच्या रविवारी."

असे चार रविवार झाले. चौथ्या रविवारी ओढा मोरीत शिरला आणि नकाशा संपला. "छान झालाय," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

पाचव्या रविवारी बाई लवकर उठल्या. झाडलोट केली, कपडे धुतले, दोनदा चहा घेतला. फोन वाजला नाही. वाजायचं कारणही नव्हतं. अकरा वाजता त्यांनीच लावला.

"सर, काम काही नाही," त्या म्हणाल्या. "असाच केला."

"बरं केलंत," सर म्हणाले. "सकाळपासून माझ्याशी कुणी बोललेलंच नाही."