सही न केलेला तास

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला सांगितलं नाही, कुणालाच नाही. ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्यांना सांगायची गरजच नव्हती — त्यांना ठाऊक होतं. मग तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही आमच्या शाळेतले नाही म्हणून.

सोलापुरात सात रस्ता चौकापासून चालत दहा मिनिटांवर आमचं हायस्कूल आहे. मी तिथे विज्ञान शिकवते. मुलांना ओरडते, पेपर वेळेवर तपासते, आणि खोटं बोललेलं मला अजिबात चालत नाही अशी माझी ख्याती आहे. चालत नाही म्हणे!

आधी सिद्राम मामांविषयी सांगते. मुद्द्यावर येईन, टाळत नाहीये — म्हणजे, थोडी टाळतेय.

सिद्राम मामा आमचे शिपाई. अक्कलकोटकडचे. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि चिडले की पुन्हा कन्नड. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, शाळा आम्ही शिक्षक चालवतो. मामा सकाळी साडेसहाला कुलूप काढायचे. कोणत्या वर्गाचा पंखा काठीने ढकलल्याशिवाय फिरत नाही, कोणती मुलगी उपाशी आलीय, कुणाचे वडील पिऊन फाटकाशी येतात आणि त्यांना काय बोलून परत पाठवायचं — सगळं त्यांच्या डोक्यात. आणि पाणी! आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि नेमकं किती वाजता ते कुणीच सांगू शकत नाही. मामा मात्र नळाजवळून जाताना क्षणभर थांबून कान द्यायचे. "आलं की," म्हणायचे, आणि दोन मिनिटांत खरंच तोटी फुसफुसायला लागायची. एवढ्या मोठ्या शाळेची टाकी हा माणूस नुसत्या कानाच्या भरवशावर भरायचा. मी विज्ञानाची पदवीधर, आणि मी तोंड वासून बघत राहायचे.

पन्नाशीच्या जरा अलीकडे मामांनी बाहेरून परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली. विज्ञान त्यांना मीच शिकवलं, मधल्या सुट्टीत, प्रयोगशाळेत बसून. तिथल्या परिचराची जागा रिकामी होणार होती, आणि दहावी झालेल्या शिपायाला ती मिळू शकत होती. मामांना ती फार हवी होती. परीक्षानळ्या पुसता पुसता म्हणायचे, "बाई, हितं किती शांत हाय." त्या खोलीत ते चपला बाहेर काढून यायचे. मी कधी काढल्या नव्हत्या.

आता त्या वहीविषयी. कुणी शिक्षक रजेवर असला की त्याच्या वर्गावर कोण जाणार, हे पर्यवेक्षक सकाळी एका वहीत लिहितात. ती बदली तासांची वही. शिपाई ती घेऊन फिरतो, आणि ज्याचं नाव असेल त्याने पुढे सही करायची. सही केली की वर्ग तुमच्या गळ्यात. आणि सही नसेल तर? तर वही आपल्यापर्यंत पोचलीच नाही असं म्हणता येतं. स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. मामा वही घेऊन दिसले की कुणाला फोन यायचा, कुणाला एकदम खडू आणायची आठवण व्हायची. मी नवीन होते, पण ही विद्या मी फार लवकर शिकले.

त्या बुधवारी चौथ्या तासाला आठवी ब माझ्या नावावर होती. मामांनी जिन्यात वही पुढे केली. मी नाव वाचलं — नीट वाचलं — आणि म्हणाले, "नंतर करते सही, मामा." ते "व्हय बाई" म्हणाले आणि गेले. चौथ्या तासाला मी प्रयोगशाळेला आतून कडी लावून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसले होते. डोकं दुखत नव्हतं, काही काम नव्हतं. नुसता कंटाळा आला होता.

तास संपत आला असताना काच फुटल्याचा आवाज आला. आठवी बमधली एक मुलगी बाकावर चढली होती, तोल जाऊन खिडकीवर आदळली. मनगटापासून कोपरापर्यंत हात चिरला. मामांनीच तिला उचललं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हात बरा झाला, पुढे ती त्याच हाताने दहावीचे पेपर लिहून पास झाली. पण त्या संध्याकाळी तिचे वडील शाळेत आले आणि त्यांनी एकच विचारलं — वर्गावर कोण होतं?

मोठ्या सरांनी मला बोलावलं. टेबलावर वही उघडी. माझ्या नावापुढे जागा कोरी. मी तेव्हा शिक्षणसेवक होते, कायम व्हायचे होते — पण खरं सांगू? त्या क्षणी मला नोकरी आठवलीसुद्धा नाही. मला फक्त ती कोरी जागा दिसली. "वही माझ्याकडे आलीच नाही, सर," मी म्हणाले. किती सहज! मामा माझ्या मागे उभे होते. त्यांच्या सदऱ्याची बाही रक्त वाळून कडक झाली होती.

सरांनी त्यांना विचारलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ऱ्हायली असंल सर," ते म्हणाले. "घाईत ऱ्हायली असंल."

मग मी तेच लेखी दिलं. सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी मी आठवी बवर गेले आणि — ऐका माझा निर्लज्जपणा — मुलांवरच ओरडले. वर्गावर कुणी नसलं म्हणून एवढा दंगा करायचा? तर पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मामा होते की, बाई. पाणी आलं म्हणून मोटर लावायला गेले, तेवढ्यात झालं." मग सगळेच बोलायला लागले. मामा नेहमी येतात. ज्या तासाला कुणी येत नाही त्या तासाला येतात. दारात स्टूल टाकून बसतात, पाढे म्हणवून घेतात, कन्नड आकडे शिकवतात. आणि त्या वांड वर्गाने मला ते म्हणून दाखवले — ओंदु, एरडु, मूरु, नालकु — साठ पोरं, एका सुरात, शंभरपर्यंत. एकही चुकलं नाही. मी फळ्याला पाठ टेकून उभी राहिले. आम्ही टाळलेले सगळे तास वर्षानुवर्षं हा माणूस घेत होता, घंटा सांभाळून, चहा सांभाळून. मी "नंतर" म्हणाले तेव्हाच त्यांना कळलं होतं की मी येणार नाही. आणि सरांसमोर त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही.

मामांच्या नावे मेमो शनिवारी निघाला. म्हणजे मला अख्खा गुरुवार आणि अख्खा शुक्रवार मिळाला होता. प्रयोगशाळेपासून सरांच्या खोलीपर्यंत तीसेक पावलं. शुक्रवारी मी आत गेलेही — आणि खडूचा खोका मागून परत आले.

मामांच्या सेवापुस्तकात नोंद झाली. परिचराची जागा संस्थेच्या माळशिरसकडच्या शाखेतून आलेल्या माणसाला मिळाली. मामांनी त्याला किल्ल्या दिल्या, कोणता नळ गळतो ते दाखवलं, आणि निघताना दाराबाहेरच्या आपल्या चपला घातल्या. पुढे रोज ते माझ्यापुढे वही धरत राहिले, पेनचं टोपण काढून. मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधायचे. थोडासा जरी सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हताच. एवढं मोठं मन माणसाला कुठून मिळतं, मला अजून कळलेलं नाही.

मागच्या वर्षी मामा निवृत्त झाले, शिपाई म्हणूनच. आता मी पर्यवेक्षिका आहे, निरोपाचं भाषण माझ्याकडेच आलं. माइक हातात होता, सगळी शाळा समोर होती. मी त्यांच्या निष्ठेवर बोलले, टाळ्या घेतल्या आणि खाली उतरले.

त्यांच्या पत्नी मला शोधत आल्या. वयाने माझ्या आईएवढ्या, नवं इरकल नेसलेल्या. "तुमी शिकवलंसा म्हणून ह्यांची धावी झाली," त्या म्हणाल्या. "ती जागा न्हाई मिळाली, मार्कं कमी पडली म्हनं. पर घरात तुमचं लई नाव काढत्यात बघा."

मार्क कमी पडले. घरीसुद्धा त्यांनी हेच सांगितलं होतं.

आणि त्या बाई माझ्या पाया पडायला वाकल्या. मामा शेजारी उभे होते, बघत होते. मी त्या बाईंना अडवलं नाही.