शूर्पणखेचं नाक

दुपारी पडवीत आडवी झालेय. झोप येत नाही, माशा येतायत. उशाशी शूर्पणखेचा मुखवटा. आज गावात बोहाडा. मुखवटे घालून देव-राक्षस नाचतात, लक्ष्मणाने लाकडी तलवार मारली की शूर्पणखेचं नाक पडतं, लोक शिट्ट्या मारतात. नाक पडायलाच हवं, म्हणून ते पातळ खळीने कच्चं चिकटवायचं. हे काम भिकीआत्याचं. ती पौषात गेली. आता माझं. नाक अजून सुटंच पडलंय, शेजारी खळीचं भरलं पातेलं.

आणि यंदा लक्ष्मण कोण, तर सोमनाथ! नववीत मी ह्याला सरळ विचारलेलं, मोठेपणी माझ्याशी लग्न करशील का. त्याने वर्गभर सांगितलं. सगळे खिदळले. मी त्याच्या डोक्यात डबा घातला. शाळा तिथेच संपली.

डोळे मिटतात. समोर आत्या बसलीय, खळ ढवळत.

"तू मेलीस ना?"

"मग काय झालं? ही खळ आहे का पेज, सगुणे?"

"कच्चंच लावायचंय. तूच शिकवलंस."

आत्या पातेलं उचलून निघते. मी मागे. पडवीची पायरी उतरते तर आमचा वर्ग. बाकांवर शेवाळ, फळ्याखालून नदी वाहतेय. पलीकडे एक उंच बाई, तोंडावर पदर.

"ही कोण?"

"तिलाच विचार. एरवी तोंड थांबत नाही तुझं."

मला राग येतो. "ए बाई, तू सीतेला खायला धावलीस ना?"

"ते नंतर," ती म्हणते. "आधी मी लग्नाचं विचारलं. मोठा म्हणाला, धाकट्याकडे जा. धाकटा म्हणाला, मोठ्याकडे जा. दोघं हसत होते. सरळ नाही म्हणाले असते, तर मी गेले असते गं रानात परत."

मागच्या बाकांवर कुणीतरी खिदळतं. ते हसणं मी कुठेही ओळखीन. वळते, तर बाक रिकामे.

"आत्या, तूपण हसायचीस. नाक पडलं की."

"हसायचे." आत्या खळ नदीत ओतून देते. "चाळीस वर्षं कच्चं लावलं. घट्ट लावायचा धीर नाही झाला."

ती माझ्या हातावर डिंकाचा खडा ठेवते. धावड्याचा, पिवळाजर्द.

"लोक चिडतील," मी म्हणते.

"डबा घालताना विचारलंस का लोकांना?"

मी डिंक भिजवते. नाक बसवते, अंगठ्याने दाबून धरते. पलीकडची बाई पदर खाली घेते आणि

"ए, झालं का?"

दारात सोमनाथ. मुखवटा न्यायला आलाय.

मी उठून बसते. खळीचं पातेलं कोरडं. नाक जागेवर आहे. हलवून बघते, हलत नाही. घरात डिंक नाही आमच्या, कधीच नव्हता. पण माझ्या अंगठ्याला तो लागलाय, पिवळा, चिकट. अजून ओला आहे. आत्ता जोर लावून ओढलं तर नाक निघेल, वाळल्यावर नाही.

"कच्चं लावलंयस ना?" सोमनाथ विचारतो.

मी अंगठा मुठीत घेते. मुखवटा त्याच्या हातात देते.

"मारून बघ."