वसीलानं भरवलं ते

आमच्या स्फाक्स शहरात लग्न ठरलं की आधी वसीलाकडे सांगावा जायचा. दोनशे माणसांचा कुसकुस, वाफवलेला रवा, ती एकटी उतरवायची. तिची मुलगी रीम एकोणिसाव्या वर्षी जेवेनाशी झाली, तेव्हा समोरची मब्रूका मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "आचारणीच्या घरात बारमाही रोजे!"

वसीला रागावली, रडली, पीराला मेणबत्त्या लावून आली. रीम ताटाकडे पाठ करून बसायची. हिवाळ्यात तिची बोटं निळी पडली. दवाखान्याचं नाव काढलं की खोलीची कडी लावून घ्यायची.

एकदा ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. घाबरली असावी. शुद्धीवर येऊन म्हणाली, "आई, बसीसा देतेस?"

भाजलेलं पीठ, ऑलिव्हचं तेल, खजूर. वसीलानं वाटी भरली, पुन्हा भरली. मग कुसकुस, मटणाचा रस्सा. तीन दिवस ती भरवत होती आणि खिडकीतून मला, शेजारणीला, ओरडून सांगत होती, "खातेय गं, खातेय!"

चौथ्या दिवशी रीमचे पाय सुजले, धाप लागली, डोळे फिरले. आम्ही दोघींनी तिला टॅक्सीत घातलं.

इस्पितळात डॉक्टर नझीहा म्हणाल्या, "महिनोन्‌महिने उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं. ते वापरायला रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम ओढलं गेलं. हृदयाला काही उरलं नाही."

"म्हणजे मी मारलं तिला?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, बाई."

"मी जेवूच घातलं ना हो? विष तर नाही ना घातलं?"

नझीहा रीमच्या खाटेकडे वळल्या. शिरेतून क्षार, जीवनसत्त्वं. नळीतून थोडंथोडं दूध. सारखं रक्त तपासायचं. वसीला बाहेर फरशीवर बसून स्वतःच्या हातांवर चापट्या मारत होती. मी धरले, तर मलाच ढकललं.

रीम वाचली. पाच आठवड्यांनी घरी आली. काय, किती, केव्हा खायला द्यायचं याचा कागद आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेऊन.

"गोळ्या घेते. जेवण नको," ती म्हणते.

"गोळ्यांनी पोट भरत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना, राणी?"

"मग तूच खा."

लग्नाची कामं वसीलानं सोडली. काल रीमनं चोरब्याचं सूप सहा चमचे घेतलं, सातव्याला तोंड फिरवलं. आग्रह करावा की नाही, हे वसीलाला कळेना. चमचा तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मी डॉक्टरीणबाईंचा कागद पुन्हा उघडला; आग्रहाबद्दल त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.