सत्काराची शाल आणि शंभर दाणे

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही शेवटचा प्रश्न कधी विचारला? 'जेवलात का' आणि 'गोळी घेतली का' हे दोन सोडून. ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि हवं होतं, असा प्रश्न.

मोठीमाय असे प्रश्न मागून घ्यायची. सोनाळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला तिचं घर. नात्याने ती आमची कोणी नव्हती, पण सगळी गल्ली तिला मोठीमायच म्हणायची. ओट्यावर तिची खाट. "काय मोठीमाय, बरं हाय ना?" असं म्हणत कोणी पुढे निघालं, की ती मागून ओरडायची, "थांब ना लेका! इचारलं तं आयकून तरी जाय!" लोक हसून पुढे जायचे. मीही जायचो.

ती खाट आधी आत होती, बियाण्याच्या खोलीत. नवरा होता तोवर पेरणीचं बी तीच निवडायची. तो गेल्यावर मुलाने, प्रभाकरने, खाट ओट्यावर आणली. त्यात दुष्टपणा नव्हता. "माय, लय केलं तुनं. आता आराम कर," एवढंच तो म्हणाला. माणसाला कामावरून काढण्याची याहून गोड पद्धत मला माहीत नाही. मी पत्रकं वाचत आणि वाटत मोठा झालो. अन्यायाविरुद्ध मोर्चा कसा काढायचा ते मला ठाऊक आहे. 'आराम कर' याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही.

आमच्या युवक मंडळाने एका वर्षी ज्येष्ठांचा सत्कार ठेवला. पत्रक मी लिहिलं. 'ज्येष्ठ म्हणजे समाजाला सावली देणारे वटवृक्ष' हे वाक्य माझं. मोठ्या अभिमानाने मी ते मोठीमायला वाचून दाखवलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "झाडाले कोनी इचारते काय रे, तुले कुठं उभं राह्यचं हाय?" मी हसलो आणि पत्रक तसंच छापलं.

सत्काराच्या दिवशी सात म्हाताऱ्या माणसांना आम्ही मांडवात खुर्च्यांवर बसवलं आणि पाहुण्यांची भाषणं सुरू केली. दीड तास म्हातारपणाच्या थोरवीवर बोलणं चाललं. मध्येच मोठीमाय उठली. "काऊन उठल्या, मोठीमाय?" मी धावत जाऊन विचारलं. "लघवीले जाऊन राह्यली. तुमच्या कार्यक्रमात तेवढी जागा ठेवली नाही कोनी." परत आल्यावर तिला शाल आणि नारळ मिळाला. तिने माईककडे हात केला. "मले दोन गोष्टी सांगाच्या हायत. बियाच्या." सूत्रसंचालन मी करत होतो. मी म्हणालो, "वेळेअभावी आपण आभाराकडे वळू." तिचा हात पुढेच होता. मी माईक दुसऱ्या हातात घेतला.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी मी तिच्या ओट्यावर गेलो, तेव्हा ती शाल मला दिसली. ओलीचिंब, गुंडाळी करून सावलीत ठेवलेली. मी चिडलो. "मोठीमाय, सन्मानाची शाल आहे ती!"

"हाव. म्हून तं चांगल्या कामाले लावली. गोनपाट उंदरानं खाल्लं."

तिने गुंडाळी उलगडली. आत सोयाबीनचे शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळींत. काहींना पांढरे कोंब, बाकीचे फुगून सडलेले. प्रभाकरच्या पोत्यातून मूठभर बी तिने सुनेकडून मागून घेतलं होतं. शंभरात सत्तर उगवले तर बी पेरायचं, हा तिचा नेम.

"तू मोज," ती म्हणाली. "मी मोजलं तं म्हनतीन, बुढीले दिसत नाही."

मी मोजले. एक्केचाळीस.

"बी दिसाले कसं, मोत्यावानी हाय ना? पन यानं काय केलं, पोते उंचावरून आपटले, अन टिनाखाली एकावर एक सहा रचले. सोयाबीनचं बी अंड्यासारखं असते, लेका. आपटलं की आत मरते. वरून समजत नाही."

प्रभाकर शेतातून आला. मी आकडा सांगितला. त्याने दाणे पाहिले, मग आईकडे पाहिलं, आणि प्रेमानेच म्हणाला, "माय, शालीत कुठी बी उगवते काय? तू काऊन तरास करून घेते? पड ना जरा." ती पडली नाही. तिने शाल पिळून दोरीवर वाळत घातली. त्या दिवशी प्रश्न चार एकरांच्या बियाचा होता, तसा तिच्या शब्दाचाही होता. दोन्ही तिथेच सोडून प्रभाकर जेवायला आत गेला. आणि मीही गप्प राहिलो, हे इथे लिहून ठेवतो.

त्याने तेच बी पेरलं. रान विरळ उगवलं, टकलावर केस असावेत तसं. दुबार पेरावं लागलं. शेजारी ओट्यापाशी येऊन म्हणाला, "बुढीचं आयकलं असतं तं?" प्रभाकर खाली मान घालून उभा होता. मोठीमाय शेजाऱ्यावरच उखडली, "त्याले काऊन बोलतं? तुमी कोनी माह्यं आयकत नव्हते, म्हून त्यानं नाही आयकलं. घरच्याले बाहेरूनच शिकाले भेटते."

दुसऱ्या वर्षी लोक मूठ-मूठ बी घेऊन ओट्यावर येऊ लागले. एकटीला झेपेना, तेव्हा तिने रहीमचाचांना हाक मारली. ते जुने शिंपी. सत्कारात तिच्या शेजारच्या खुर्चीवर होते.

"चाचा, तुमची शाल कुठी हाय?"

"ट्रंकेत हाय, बाई. घडी नाही मोडली."

"मोडा मंग!"

चाचांच्या बोटांना मोजायची सवय होती. एकसारख्या अंतरावर दाणे मांडावेत तर त्यांनीच. मग सत्कारातले बाकीचेही आपापली शाल घेऊन आले. त्या मे महिन्यात ओट्यावर आमच्या मंडळाच्या साती शाली ओल्या गुंडाळ्या होऊन पडल्या होत्या, प्रत्येकीला ज्याचं बी त्याच्या नावाची चिठ्ठी. मुठी देऊन गेलेले लोक चार-पाच दिवसांनी येऊन खाली पायरीवर बसत आणि निकालाची वाट पाहत. म्हातारे वर. "बी बदलावं लागते," असं चाचा म्हणाले, की धडधाकट माणसाचा चेहरा पडायचा. या गावात म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाने कोणाचा चेहरा पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. आमच्या सत्काराने जे झालं नाही, ते सत्काराची शाल भिजवून तिने केलं.

मी एकदा तिची माफी मागितली, माईकची. ती म्हणाली, "बरंच केलं तुनं. माईकवर सांगितलं असतं तं टाळ्या वाजवून घरी गेले असते सारे."

यंदा चैत्रात मोठीमाय गेली. आम्ही शोकसभा घेतली नाही. मी पत्रक लिहिलं नाही.

मे सरता सरता मी त्या गल्लीतून जात होतो. ओट्यावर तिची खाट होती तिथेच होती, आणि त्या खाटेवर रहीमचाचा बसले होते. प्रभाकर पायरीवर उभा होता, मूठ बंद करून.  मग त्याने मूठ उघडली.

"चाचा, पाहता काय? माय असती तं तिनं काय म्हटलं असतं?"

चाचांनी दाणे हातात घेतले, शाल अंथरली आणि म्हणाले, "बस अगुदर. मोजाले वेळ लागते." प्रभाकर पायरीवर बसला.

वाचणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. सत्कार ठेवू नका. शाल आणू नका. आज घरी जा, ओट्यावर, गॅलरीत किंवा टीव्हीसमोर ज्यांना 'आराम' करायला बसवलंय त्यांच्यापाशी बसा, आणि तुमचं जे काम अडलंय तेच त्यांना विचारा. उत्तर लांबलं तरी उठू नका. माईक त्यांच्याच हातात राहू द्या.