पत्र्याखालची घोंगडी

आत्या गेल्याचा निरोप कंपनीच्या गेटवर आला, तेव्हा मला आधी रडू आलं नाही, चीड आली. अण्णा अजून जिवंत होते आणि ती आधी गेली... हा सरळसरळ अन्याय होता.

अण्णा म्हणजे आत्याचे धाकटे दीर. कारखान्यांमुळे तळवड्यात भाडेकरू यायला लागले, तशी त्यांनी विधवा भावजयीची मधली खोली भाड्याने दिली आणि गुडघे आखडलेल्या आत्याला मागच्या पत्र्याच्या खोलीत हलवलं. "म्हातारीला आता किती दिस लागत्यात," असं अंगणात, तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालेही. आत्या रडली नाही. मला म्हणाली, "ह्यो काठी धरंल ना, त्या दिशी त्याच्याम्होरं मांडी घालून बसन, अन् हात न टेकता उठन."

गंमत म्हणजे मधल्या खोलीतला भाडेकरूच तिचा गुरू झाला. शिफ्टला जाण्याआधी तो अंगणात आसनं करायचा. ही तांदूळ निवडता निवडता बघून घ्यायची. सकाळी तिचे गुडघे ऐकायचे नाहीत. पण दुपारी पत्रा तापून खोलीची भट्टी झाली, की सांधे सैल पडायचे. मग दार ओढून, काष्टा घट्ट करून, घोंगडीवर तिचं सुरू. मीही एकदा हौसेने शेजारी बसलो. कंपनीत भट्टीवर काम करणारा मी, पहिल्याच आसनात रांगत दाराबाहेर आलो. "तुला रं कुनाचा सूड घ्यायचाय? जा, पानी पी," आत्या म्हणाली.

काही वर्षांनी अण्णांच्या हातात काठी आली. आत्या त्याच दिवशी अंगणात त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि हात न टेकता उठली. अण्णांनी मान फिरवली. "भावजी, हिकडं बघा की! पुन्हा बसते." पुन्हा बसली, पुन्हा उठली. शेवटी तेच नरमले, "वहिनी, मधल्या खोलीत या आता."

"नगं. तिथं गारठा हाय."

अण्णांच्या तेराव्याचं जेवायची तिची फार इच्छा होती. तेवढी राहिली...

परवा तिची खोली आवरायला गेलो, तर अण्णा दुखवट्याचं बोलायला आले. काठी दाराबाहेर टेकवून खुर्ची शोधू लागले. मी मुद्दाम घोंगडी पसरली आणि आधी स्वतः बसलो. मग त्यांनाही बसावं लागलं. भर दुपार, पत्रा तडतडत होता. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला. "उठीव रं मला."

"बसा की अण्णा. आत्या हात न टेकता उठायची."

मी हात दिला नाही. दिला असता तरी उपयोग नव्हता म्हणा. माझेही पाय केव्हाच बधिर झाले होते. मग आम्ही दोघं तसेच घाम पुसत बसून राहिलो, आत्याच्या घोंगडीवर... आणि काठी दाराबाहेर.