खराट्याच्या जागी झारी

सातव्या पानावरच्या चित्रात आईच्या हातातला खराटा गेला होता. तिथे झारी आली होती. निळी. आई गुलाबांना पाणी घालत होती.

नोएडातलं प्रकाशकाचं ऑफिस. लहान मुलांसाठीचं माझं पाचवं पुस्तक, माझ्या आईवरचं पहिलंच. दुरुस्त्यांची यादी मी पानवार करून नेली होती. हा बदल त्यात नव्हता. मला कुणी विचारलंच नव्हतं.

"मॅडम, झाडू दिसला की पेरेंट्स पुस्तक खाली ठेवतात, यार," संपादक म्हणाले. पुण्याचे, माझ्याच वयाचे. "झारी बिल्कुल पॉझिटिव्ह वाटते."

"माझी आई रस्ते झाडायची. नगरपालिकेत."

"अहो, कळलं ते. पण तुम्ही लोक त्यातून बाहेर कधी येणार? चलो, प्रूफवर सही करा. आज छपाईला जातंय."

मी पेन उघडलं. सवयच तशी. कागद तपासायचा, सही करायची, पुढचं काम.

आणि चौथीतला शाळेचा फॉर्म आठवला. 'आईचा व्यवसाय' यापुढे मी लिहिलं होतं, घरकाम. आईला वाचता येत नव्हतं. सही तेवढी यायची. "नीट भरलंस ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने एकेक अक्षर जपून काढत सही केली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फॉर्म वर्गात मोठ्याने वाचला.

"घरकाम? मग रोज पहाटे माझ्या दारापुढचा रस्ता कोण झाडतं गं? तुझी मावशी?"

वर्ग हसला. मीही हसले.

आपण कशाखाली सही केली, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणजे तिच्या हातातला खराटा पहिल्यांदा मीच काढून घेतला होता. हा माणूस दुसरा.

लाल पेनाने समासात लिहिलं : खराटा. लांब दांड्याचा. सहीची जागा मोकळी सोडली.

"मग हे पुस्तक राहिलंच समजा," ते म्हणाले.

"राहू दे."

दिल्लीतल्या द्वारकेकडे जाणाऱ्या मेट्रोत डायरी उघडली. 'प्रूफवर सही' खोडलं. खाली लिहिलं : करार रद्द करणे. दुसरा प्रकाशक शोधणे. मिळेल, न मिळेल.

खोट्या कागदाखाली आमच्या घरातली एक सही आहे. दुसरी होणार नाही.