डोकेदुखीची शिफारस

गोगीला कॉलेजात जाऊन दोन वर्षं होत आली, तरी तिचा आवाज कसा आहे हे वर्गातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. नाव मामाने पाडलेलं. मूळ गोगलगाय, लाडाने गोगी. मामा म्हणायचा, "गोगलगाय अन् पोटात पाय. ही एकदा चालायला लागली की थांबायची नाही." आई म्हणायची, "आधी चालू तर दे."

वडील पंप दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. लहानपणी शाळा सुटली की गोगी रिकामा डबा आणायला कारखान्यात जायची आणि पंप तपासायच्या कोपऱ्यात पालथ्या बादलीवर बसायची. दुरुस्त झालेला पंप सुरू केला की आधी नुसता गुरगुरतो, मग पाणी धरतो आणि अख्खा पाइप शहारतो. ते शहारणं बघायला ती रोज थांबायची. डबा हे निमित्त. पुढे इंजिनियरिंगला तिने पाण्याचाच विषय घेतला.

कॉलेजला पाण्याची प्रयोगशाळा होती. तिच्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काचेची पन्हळ होती, पाणी कसं धावतं आणि कुठे उसळतं ते बाहेरून दिसावं म्हणून. तिच्यात पाणी सोडून सगळं होतं. गुंडाळलेले नकाशे, मोडकी छत्री, प्रयोगशाळेच्या काकांची दुपारची उशी. पंप कधीच बसला होता. तरीही प्रयोग दरवर्षी वेळेवर पूर्ण होत. वरच्या वर्गाच्या जर्नलातली रीडिंगं खालचा वर्ग उतरवून घ्यायचा. सहावं रीडिंग कुणीतरी कधीतरी चुकवलं होतं, त्यात पाणी चढावर जात होतं. तेही सगळे इमानाने चढवत.

मोठ्या विद्यापीठात याच कामासाठी अख्खा हॉल होता, आणि तिथे पाणी होतं. दुसऱ्या कॉलेजातल्या मुलांना तिथे तिसऱ्या वर्षाला बदलून जाता येत असे, पण जागा मूठभर आणि अर्ज पोतंभर. गोगीला तिथे जायचं होतं. दुसरं काही तिला मागायचं नव्हतं. गुण होते. 'तुम्हाला इथे का यायचंय' हे लिहायचं होतं, ते तिने पाच-सहा कागद फाडून लिहिलं. घोडं अडलं विभागप्रमुखांच्या शिफारशीवर.

विभागप्रमुखांना मुलं 'हूं सर' म्हणत. काहीही विचारा, ते "हूं" म्हणत. त्या एका अक्षरात होकार, नकार आणि 'उद्या या' तिन्ही बसत. गोगीने शिफारस मागितली, तेव्हाही तेच मिळालं.

वर्गात एक नवाब होता. तासाला येई तो बाहेर ऊन फार असेल तेव्हा. त्यालाही बदलून जायचं होतं, म्हणजे त्याच्या वडिलांना त्याला पाठवायचं होतं. सरांनी त्याला शिफारस दिली. नवाबाने ती कँटीनमध्ये उभं राहून वाचली. "अत्यंत अभ्यासू, नम्र, नियमित... अरे, हा कोण माणूस आहे? मला भेटवा कुणीतरी!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. गोगी हसली नाही. घरी येऊन तिने वडिलांना सांगितलं.

वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

"मग बरोबरच आहे. शिफारस म्हणजे काय? दार दाखवायची सभ्य पद्धत. आमच्याकडे तो पिरपिऱ्या होता..."

"झालं सुरू," आई शिवणयंत्रावरून म्हणाली.

पिरपिऱ्याची गोष्ट घरात पाठ होती. हा गडी सकाळी येई तो तक्रार घेऊनच. पाना झिजलेला, दिवा मंद, शेजारी घोरतो. काम कमी, कुरकुर फार. मोठे पंप बनायचे त्या मुख्य कारखान्यात जागा निघाली, तेव्हा फोरमनने त्याची अशी तारीफ लिहिली की मुख्य कारखान्याने लगेच बोलावून घेतलं. पुढे तो तिथे सुपरवायझर झाला. वडील दरवर्षी अर्ज करत. त्यांच्या अर्जावर फोरमन लिही, 'काम समाधानकारक.' चांगला माणूस कोण सोडतो? वडील निवृत्त झाले ते त्याच कोपऱ्यातून.

"तू निमूट अभ्यास करतेस, त्रास देत नाहीस. तुला कशाला सोडतील? तू त्यांची डोकेदुखी हो."

"मी?"

"तूच. रोज एक प्रश्न. जास्त नाही. गळक्या नळासारखं, थेंब थेंब. एकदम धो धो आलं की लोक प्लंबर बोलावतात."

"अहो, पोरीला काय शिकवताय!" आई म्हणाली.

"जन्मभर जे शिकलो तेच शिकवतोय."

वडिलांनी जन्मभर कामात कसूर केली नव्हती, म्हणून गोगीने त्यांचं हेही ऐकलं. आणि त्यांचीच मुलगी, त्रास द्यायचा तोही मन लावून.

दुसऱ्या दिवशी तिने तासाला हात वर केला. सरांना वाटलं, तिला खिडकी उघडायची आहे.

"सर, सहाव्या रीडिंगमध्ये पाणी चढावर जातंय."

"हूं."

"हे कुणी घेतलं होतं?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सर म्हणाले, "हूं. बस."

ती बसली. पुढच्या दिवशी पुन्हा उठली. पन्हळीत उशी का आहे? पंपाला काय झालंय? किल्ली कुणाकडे असते? मुलांनी कपाळाला हात लावला. नवाब म्हणाला, "गोगलगायीला शिंगं फुटली रे!" मागून कुणीतरी म्हणालं, "तिला शिंगं असतातच, गाढवा." प्रयोगशाळेचे काका तिला पाहिलं की उशी काखेत मारून दुसऱ्या दाराने जात. पहिले काही दिवस ती प्रश्न वहीत लिहून आणून वाचायची. मग वही लागेनाशी झाली. मग असं झालं की एखाद्या दिवशी ती उठली नाही, तर सरच थांबून तिच्याकडे बघत.

शेवटी सर वैतागले. "मग तूच कर ना दुरुस्त!"

दोन वर्षांत त्यांचं ऐकलेलं हे सर्वांत मोठं वाक्य. गोगीने ते टोमणा न समजता परवानगी समजायचं ठरवलं आणि वडिलांचे पाने पिशवीत घालून आणले.

पंप बिघडला नव्हता, नुसता सुकला होता. तळाची झडप चिकटली होती आणि दांड्याभोवती गळती अडवायला गुंडाळलेली दोरी कडक झाली होती. काका कुरकुरत मदतीला आले. पहिल्यांदा जोडला तेव्हा पंपाने पाणी धरलंच नाही. दुसऱ्यांदा धरलं, पण दोरी नीट बसली नव्हती. पाण्याची चिळकांडी सुटली आणि बघायला आलेल्या सरांना गळ्यापासून पट्ट्यापर्यंत भिजवून गेली. काका म्हणाले, "गेली नोकरी." गोगीला वाटलं, डोकेदुखी पुरेशी झाली, आता शिफारस नक्की.

सरांनी चष्मा काढला, पुसायला कोरडं काही सापडेना, तसाच ओला घातला. मग बाह्या वर केल्या. "दोरी आडवी कापू नकोस. तिरपी काप, सांधा बसेल."

तिसऱ्या खेपेला पंप गुरगुरला, थांबला, पुन्हा गुरगुरला. पाइप शहारला. काचेआडून पाणी धावत आलं आणि मध्यावर उसळून उभं राहिलं. काका ओरडले, "अगं बाई, छत्री राहिली आत!" सर काचेला नाक लावून वाकले होते. ते बोलायला लागले. या उसळीवरच त्यांनी तरुणपणी काम केलं होतं. कसं केलं, कुणाशी भांडून केलं, सगळं सांगितलं. काका दार लावायला थांबून राहिले. तो अख्खा प्रयोग, सहाव्या रीडिंगसकट, सरांनी आणि गोगीने मिळून नव्याने केला. पाणी उतारावरच गेलं.

आठवड्याने तिने शिफारशीचं विचारलं.

"लिहिली. पाठवली," सर म्हणाले. "खरं ते लिहिलंय. ही मुलगी डोकेदुखी आहे. रोज उठून प्रश्न विचारते. पंप दुरुस्त करताना मला भिजवलं. ही जाऊ नये असं मला वाटतं. नेलीत तर परत करू नका, सवय मोडायचा त्रास मला दोनदा होईल. असं."

गोगी घरी आली ती रडकुंडीला येऊन. नवाब नम्र आणि नियमित, ती डोकेदुखी.

"तक्रार लिहिली?" वडील उडालेच. "तारीफ लिहून वाटेला लावायचं तर तक्रार लिहिली? असा कसा माणूस!"

"प्रामाणिक दिसतोय," आई म्हणाली. "तशा माणसाची काही सोय नव्हती तुमच्या हिशोबात."

मुलाखतीसाठी विद्यापीठातून व्हिडिओ कॉल आला. आईने यंत्र बंद ठेवलं. वडील दाराआड उभे राहिले, पण त्यांची सावली दिसत होती. पलीकडे एक प्रोफेसर बाई होत्या.

"तुझ्या जर्नलातले किती प्रयोग तू स्वतः केलेस?"

"एक."

"आणि बाकीचे?"

"उतरवले."

"कुणाचे?"

"माहीत नाही, मॅडम. ज्यांचे उतरवले त्यांनीही उतरवलेच होते."

दाराआडची सावली खाली बसली.

बाईंनी काही लिहिलं. "तुझे सर म्हणतात, तू डोकेदुखी आहेस."

"आधी मुद्दाम होते," गोगी म्हणाली. "आता सवय लागलीय."

निकाल आला. नवाबाला जागा नव्हती. गोगीला होती. पण दुसरं वर्ष पुन्हा करायचं, सगळ्या प्रयोगांसकट, आणि या खेपेला हाताने.

ती आधी सरांकडे गेली. नवाबाची एवढी तारीफ असून त्याचं का झालं नाही, हेही विचारलं. शेवटचा प्रश्न म्हणून.

"तिथे बसलेत तेही विभागप्रमुखच," सर म्हणाले. "अशी पत्रं तेही लिहितात. अभ्यासू, नम्र, नियमित हे वाचलं की सावध होतात." मग त्यांनी खालच्या वर्गाकडे नजर टाकली. मुलं निमूट जर्नल उतरवत होती. "यांच्यातलं कुणी बोलेल का गं?"

"सांगून ठेवते, सर."

घरी वडील निकालाचा कागद उलटून पालटून बघत होते. "एक वर्ष मागे ढकलली. आणि मी जे जन्मभर धरून बसलो, तेही खोटं?"

"खोटं नसेल," आई म्हणाली. "पिरपिऱ्या गेला तो तसाच गेला. पण तुम्ही दरवर्षी अर्ज फोरमनच्या टेबलावर ठेवून पाय न वाजवता परत यायचात. मला मोठे पंप बघायचेत, हे त्याला कधी तोंडाने सांगितलंत?"

"काम दिसत होतं ना त्याला."

"काम दिसत होतं. तुमच्या मनातलं कसं दिसणार?"

वडील पिशवीतून पाने काढून एकेक पुसत बसले. पुसून झालेले पुन्हा पुसले. मग गोगीकडे न बघता म्हणाले, "झडपेची बैठक एकदा घासून भागत नाही. दोनदा घासलेली गळत नाही. कर ते वर्ष पुन्हा."

"करणारच आहे."

"त्या हॉलात... पाणी सोडतात तेव्हा बाहेरच्या माणसाला बघू देतात का?"

"विचारावं लागेल."

"मग विचार ना तू. आता तोंड उघडलंय तुझं."

"मी नाही, बाबा. तुम्ही विचारायचं. पोचवायला याल ना, तेव्हा. त्या मॅडमना. तोंडाने."

आईने शिवणयंत्र थांबवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. वडिलांनी शेवटचा पाना पिशवीत ठेवला, नाडी ओढली, गाठ मारली.

"हूं," ते म्हणाले.